पुढच्यासाठी लाकडं

सोर्लिएनचा म्हातारा शेतकरी तिसऱ्या बोटाला बोलला. पहिली दोन मोडली तेव्हा तो नुसता टेबलाच्या कडेकडे बघत राहिला होता. हातोडी त्याच्याच घरातली होती. ती चालवत होता लेफ्टनंट ब्रेक्के, आणि म्हाताऱ्याचं मनगट टेबलावर दाबून धरायचं काम आस्मुंडकडे होतं. म्हाताऱ्याची बायको चुलीपाशी उभी होती. तिच्या पातेल्यातली लापशी करपत होती आणि ते पातेलं उतरवायचं कुणालाच सुचत नव्हतं.

तिघं होते, म्हातारा म्हणाला. एक मास्तर, त्याची बायको आणि एक वाटाड्या. काल संध्याकाळी जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या खोपटाकडे गेले. वाटाड्याचं नाव काय, तर ते माहीत नाही. ब्रेक्केने चौथं बोट फोडलं, तरी नाव आलं नाही. मग खरंच माहीत नसेल असं म्हणून त्याने हातोडी टेबलावर ठेवली आणि हातमोजे चढवले.

आस्मुंडला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी फक्त धरलं होतं. असे नुसते धरणारे जर्मनांच्या त्या पाच वर्षांत आमच्या नॉर्वेत पुष्कळ निपजले. ही गोष्ट त्यातल्या एकाची आहे, आणि त्याची कीव करायची की नाही हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

तो मुळात वाईट पोरगा नव्हता. १९३९च्या हिवाळ्यात रशिया फिनलंडवर चालून गेला तेव्हा आमची अख्खी दरी हळहळली होती. घराघरांतून फिनलंडसाठी लोकरीचे मोजे गेले, पाठीवरच्या पिशव्या गेल्या. आस्मुंडच्या बापाने, एम्ब्रेटने, आपली एकुलती एक चांगली पिशवी दिली आणि पुढे दोन वर्षं पोत्यात भाकरी घालून तो लाकडं तोडायला जात राहिला. ते युद्ध संपतं न संपतं तोच जर्मन आमच्याच उरावर येऊन बसले. मग १९४३ साली दुकानाच्या भिंतीवर एक चित्र लागलं. पांढऱ्या डगल्यातला स्कीवरचा तरुण, आणि खाली फिनलंडचं नाव. आस्मुंड तेव्हा बावीस वर्षांचा होता. तो सही करून घरी आला.

एम्ब्रेटने त्याची नवी टोपी हातात घेऊन उजेडाकडे धरली. टोपीवर जर्मन पलटणीचा कवटीचा बिल्ला होता. "ही फिनलंडची आहे का?" एवढंच त्याने विचारलं. आस्मुंड म्हणाला, बिल्ल्याचं काय घेऊन बसलात, लढायचं रशियाशी आहे. एम्ब्रेट उठला. मुलासाठी स्वतः तासलेली भूर्जाची स्कीची जोडी त्याने खुंटीवरून काढली, अंगणातल्या ओंडक्यावर ठेवून करवतीने कापली आणि तुकडे आणून शेगडीत घातले. त्या दिवसापासून बापलेकांत एक शब्द नव्हता.

फिनलंडच्या आघाडीवर, करेलियात, ज्या टेकडीवर त्यांना चढवलं तिला नाव नव्हतं, नकाशावर नुसता आकडा होता. १९४४च्या जूनमध्ये, न मावळणाऱ्या सूर्याखाली, तिथे एकशे वीस नॉर्वेजियन पोरं चढली आणि सतरा उतरली. आस्मुंडच्या बंदुकीतल्या गोळ्या संपल्या तेव्हा त्याने खंदक खणायचं फावडं एका रशियनाच्या मानेत घातलं. ते इतकं खोल रुतलं की काढायला छातीवर पाय द्यावा लागला, आणि तो माणूस सगळा वेळ त्याच्याकडे बघत होता. मग मांडीत लोखंड घुसलेल्या गुटॉर्म नावाच्या सोबत्याला पाठीवर घेऊन तो दोन दिवस दलदलीतून चालला. फिनलंडने पुढे रशियाशी तह केला. उरलेल्यांना मायदेशी आणलं, आणि रशियन संपले म्हणून की काय, आपल्याच माणसांच्या मागे सोडलं. स्वीडनच्या हद्दीकडे पळणारी माणसं पकडायची. आस्मुंडने चौदाव्या वर्षापासून बापाबरोबर ह्याच जंगलात लाकडं तोडली होती, म्हणून ब्रेक्के त्याला पुढे ठेवायचा.

तर १९४५चा फेब्रुवारी. सोर्लिएनहून ते तिघं निघाले: ब्रेक्के, आस्मुंड आणि गुटॉर्म. रात्रभर बर्फ भुरभुरत होतं आणि सकाळी नऊपर्यंत वारा असा होता की पुढच्याच्या स्कीचा माग मागच्याच्या डोळ्यांदेखत बुजायचा. मग वारा एकाएकी पडला. आभाळ निवळलं आणि थंडी इतकी वाढली की झाडं तडकल्याचा आवाज येऊ लागला. साडेनऊच्या सुमाराला ते खोपटापाशी पोचले. आजूबाजूचं बर्फ कोरं होतं.

ब्रेक्केने दार लाथेने उघडलं. आत कुणी नव्हतं. त्याने हातमोजा काढून शेगडीवर हात ठेवला. ती थंडगार होती. तिचं लोखंडी दार उघडून बघितलं तर आत लाकडं नीट रचलेली, न पेटवलेली. पाण्याची बादली पालथी, जमीन झाडलेली.

"इकडे कुणी आलंच नाही," ब्रेक्के म्हणाला. "थेरड्याने चार बोटं देऊनसुद्धा थापच मारली."

ब्रेक्के शहरातला. बापाचं हॅटांचं दुकान, आणि स्कीवर उभं राहायला तो पलटणीत आल्यावर शिकला. त्याला काय कळणार. आमच्या जंगलातल्या खोपटांना कुलूप नसतं. येईल त्याने लाकडं जाळावीत, आणि जाताना पुढच्यासाठी शेगडी भरून ठेवावी. पुढचा कदाचित गोठलेल्या बोटांनी येईल, त्याला फक्त काडी ओढता आली पाहिजे. तेव्हा भरलेली शेगडी म्हणजे इथे कुणी आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि रीतीने गेलं, एवढाच तिचा अर्थ.

आस्मुंडने वाकून आत पाहिलं.

खाली भूर्जाची साल, पांढरी बाजू वर. तिच्यावर तीन ढलप्या, मग पाइनची लाकडं. आणि सगळ्यांत पुढच्या ढलपीला सुरीने एक खाच पाडून तिच्यात एक काडी रोवलेली, गूल बाहेर. एम्ब्रेटची तऱ्हा होती ती. तरुणपणी एका खोपटात कुणीतरी ओली लाकडं आणि बंद काडेपेटी ठेवून गेलं होतं. ती पेटी उघडता उघडता एम्ब्रेटची दोन बोटं गोठून पेराशी गेली. तेव्हापासून तो काडी अशी ठेवायचा की वेळ पडली तर माणसाला ती दातांनी उचलता यावी. दुसरं कुणी हे करत नसे. आणि लाकडाच्या कापलेल्या अंगावर राळेचे थेंब अजून ओले होते.

म्हणजे वाटाड्या बाबा होते. तासाभरापूर्वी इथे होते. शेगडी थंड करायला त्यांनी तिच्यात बर्फ घातलं, राख लांब नेऊन पुरली, वाऱ्यावर भरवसा ठेवून निघाले. पण लाकडं फोडून शेगडी भरल्याशिवाय निघणं काही त्यांना जमलं नाही. मानेवर सुरी असली तरी जमलं नसतं.

आस्मुंड काही बोलला नाही. मायदेशी आल्यापासून त्याने केलेलं हे पहिलं चांगलं काम, आणि ते करायला त्याला नुसतं तोंड बंद ठेवायचं होतं. हद्द इथून दोन तासांवर होती. मास्तरणीला स्कीची सवय नसेल तर तीन. तेवढा वेळ ब्रेक्के इथे अडकून पडला की बाबा पलीकडे पोचले.

ब्रेक्केने कॉफी टाकायला सांगितलं. गुटॉर्मने खाचेतली काडी बघून कौतुकाने मान हलवली, ती ओढली आणि शेगडी भडकली. कॉफी झाली, डबा उघडून डुकराचं मटण खाऊन झालं. ब्रेक्के निघू म्हणाला तेव्हा आस्मुंडने सांगितलं की पुढच्यासाठी लाकडं फोडायला हवीत, अशी रीत आहे.

"फोड, फोड," ब्रेक्के हसून म्हणाला. "रीतीचा माणूस तू."

आस्मुंड बाहेर गेला आणि त्याने मुद्दाम जाड, गाठीचे ओंडके निवडले. तो कुऱ्हाड घालायचा, ती रुतायची, मग ओंडक्यासकट उचलून उलटी फिरवायचा आणि कुऱ्हाडीची पाठ ठोकळ्यावर आपटायचा. टक, आणि मग धप. लहानपणी खांदा निखळल्यापासून तो असाच फोडायचा, आणि बाप त्यावरून त्याला चिडवायचा की हा लाकडं फोडतो का जेवायला बोलावतो. हवा इतकी निश्चल होती की प्रत्येक धप समोरच्या कड्यावर आपटून परत येत होता. आस्मुंड सावकाश फोडत राहिला. प्रत्येक लाकडामागे बाबा वीस पावलं पुढे गेले, असा तो मनात हिशोब करत होता. कितीतरी महिन्यांनी त्याला बरं वाटत होतं.

मग लाकडं आत आणून तो शेगडी भरू लागला. डोकं बापाबरोबर हद्दीकडे चाललं होतं, आणि हात आपलं काम करत होते. साल ठेवली, पांढरी बाजू वर. तीन ढलप्या ठेवल्या. कमरेची सुरी काढून खाच पाडली आणि काडी रोवली, गूल बाहेर.

"वा," गुटॉर्म त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाला. "आमच्याकडे नुसती लाकडं रचतात, काडी पेटीतच असते. ही खाचेची तऱ्हा जन्मात आज पाहिली. आणि तीही दोनदा."

त्याच्या मनात काही नव्हतं. गुटॉर्म साधा माणूस होता, जे दिसेल ते बोलायचा.

ब्रेक्के दारातून मागे आला. त्याने शेगडीत पाहिलं. मग कोपऱ्यात आधीच कुणी फोडून ठेवलेल्या राशीतलं एक लाकूड उरलं होतं ते उचललं, आस्मुंडने आत्ता फोडलेलं दुसऱ्या हातात घेतलं, आणि दोन्हीवरून अंगठा फिरवला. दोन्ही वेळा अंगठ्याला राळ चिकटली. शहरी असला तरी तो मूर्ख नव्हता.

"तुझा बाप लाकूडतोड्या ना रे?" त्याने विचारलं.

आस्मुंडने शेगडीचं दार लावलं. ब्रेक्केने हातातलं लाकूड त्याच्या तोंडावर मारलं. वरचा ओठ फाटला आणि एक दात जिभेवर आला. तो गुडघ्यावर बसला तेव्हा ब्रेक्केने पिस्तूल त्याच्या कपाळाला लावून विचारलं की म्हातारा माणसं कुठून नेतो, दलदलीवरून की कड्याखालून.

"दलदलीवरून," आस्मुंड म्हणाला.

"फार लवकर सांगितलंस." ब्रेक्केने गुटॉर्मकडे पाहिलं. "चल, कड्याखालून जाऊ."

आस्मुंडची बंदूक काढून घेऊन त्याला पुढे चालवलं, कमरेची सुरी मात्र राहून गेली. मागे ब्रेक्के, पिस्तूल हातात, आणि त्याच्या मागे बंदूक घेतलेला गुटॉर्म. अर्ध्या तासात कड्याखालचा माग दिसू लागला, कारण ते तिघं तिथे पोचेपर्यंत वारा पडला होता आणि तीन जोड्यांच्या रेघा बर्फात स्वच्छ उमटल्या होत्या. आस्मुंड तोंडातलं रक्त थुंकत चालला. त्याने पुन्हा हिशोब केला. बाबांना निघून अडीच तास झाले होते. जोरात गेले असतील तर एव्हाना हद्दीच्या खुणेचे पिवळे दगड त्यांच्या समोर असतील. आणि ते जोरातच गेले असणार. जंगलात चालायला लागला की एम्ब्रेट कधी वाटेत बसत नसे, हे अख्ख्या दरीला माहीत होतं.

चढाच्या माथ्यावर आल्यावर गुटॉर्म म्हणाला, "ते बघा, बसलेत."

खरंच बसले होते. खाली तीनशे पावलांवर, एका मोठ्या दगडाच्या आडोशाला, डहाळ्या पसरून तिघं बसले होते. मास्तरने बायकोचा एक बूट काढला होता आणि तो तिचं पाऊल चोळत होता. एम्ब्रेट डब्यातून काहीतरी ओतून देत होता. पलीकडे झाडांतून सरळ कापत गेलेला हद्दीचा पट्टा दिसत होता. पाचशे पावलं. लहान मूल गेलं असतं. का बसले हे आस्मुंडला कळेना. तो स्वतःशीच म्हणत होता, उठा, उठा.

ब्रेक्केने खूण केली. गुटॉर्म आडवा पडला, त्याने नेम धरला आणि गोळी झाडली. एम्ब्रेट डबा हातात घेऊनच मागे कलंडला. दुसरी गोळी दगडावर आपटली. तिसरी मास्तरच्या दंडात गेली आणि त्याचा हात उलटा झुलायला लागला, तरी तो बायकोला ओढत झाडांकडे धावला. ती एका पायात बूट नसलेली, गुडघाभर बर्फात पडत उठत चालली होती.

आस्मुंडने हातातली स्कीची काठी ब्रेक्केच्या तोंडात घातली. तिचं पोलादी टोक गालातून आत गेलं आणि जबड्यात अडकलं. ब्रेक्केचं पिस्तूल उडालं, पण त्याआधी त्यातून एक गोळी सुटली आणि आस्मुंडचा डावा कान घेऊन गेली. दोघंही पडले. पायांत स्की तशाच, त्यामुळे लाकडांचा गुंता झाला होता आणि कुणालाच उठता येत नव्हतं. ब्रेक्के त्याचे डोळे शोधत होता, एक अंगठा आतही गेला. आस्मुंडने कमरेची सुरी काढली, जिने मघाशी खाच पाडली होती तीच, आणि ती त्याच्या डगल्यातून, मग बरगडीखालून, मग गळ्यातून घातली. किती वेळा ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. ब्रेक्केचं अंग सैल पडल्यावरही तो घालत होता.

गुटॉर्मला ह्यातलं काही दिसलं नव्हतं. बंदुकीच्या आवाजाने त्याचे कान बधिर झाले होते आणि त्याचं सगळं लक्ष नेमावर होतं. आता तो बाईवर नेम धरत होता. आस्मुंडने पिस्तूल उचललं आणि त्याला हाक मारली. हाक ऐकू गेली नसावी. म्हणून त्याने ज्याला दलदलीतून दोन दिवस पाठीवर वाहून आणलं होतं त्याच्या पाठीत दोन गोळ्या घातल्या. गुटॉर्मने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "अरे, मी आहे," तो म्हणाला आणि बंदुकीवर पडला.

मास्तर आणि त्याची बायको झाडांत नाहीशी झाली. तिने एकदा मागे पाहिलं तेव्हा तिला कवटीची टोपी घातलेला, रक्ताने माखलेला एक माणूस उतारावरून येताना दिसला. ती आणखी जोरात पळाली, हे बरंच झालं.

एम्ब्रेट जिवंत होता. गोळी पोटात होती आणि त्याच्याखालचं बर्फ लाल होऊन वितळत होतं. आस्मुंडने टोपी काढून फेकली, डगला काढून बापावर घातला आणि दोन्ही हातांनी जखम दाबली. हातांच्या मधून रक्त येतच राहिलं. एम्ब्रेटने डोळे उघडले.

"आस्मुंड," तो म्हणाला. दोन वर्षांनी.

"बोलू नका बाबा."

"ती गेली का दोघं?"

"गेली. पलीकडे गेली."

एम्ब्रेट म्हणाला, "बाईचा पाय गोठला होता. बसायचं म्हणत होती. मी बसू देत नव्हतो."

"मग का बसलात?" आस्मुंडच्या तोंडून निघून गेलं. "बाबा, का बसलात तुम्ही?"

"कुऱ्हाड ऐकली ना." म्हाताऱ्याच्या मिश्यांवर गोठलेलं दव होतं, त्यांच्याखाली त्याचे ओठ हसल्यासारखे हलले. "टक, धप. आधी खरं वाटेना. मग दहा वेळा आलं. म्हटलं, माझं पोरगं आहे ते. पुढच्यासाठी लाकडं फोडतंय. असा माणूस काही मागावर नसतो. त्यांना म्हटलं, बसा आता निवांत, माझा मुलगा आलाय मागे."

आस्मुंडला काही बोलायचं होतं. मी तुम्हाला वेळ मिळावा म्हणून फोडत होतो, असं. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, सोर्लिएनच्या टेबलापासून. तो हात दाबून धरून बसला.

"शेगडी भरलीस ना?" एम्ब्रेटने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"भरली."

"काडी?"

"खाचेत ठेवली. गूल बाहेर."

"बरं केलंस," एम्ब्रेट म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही. थोड्या वेळाने आस्मुंडच्या हातांखालचं रक्त यायचं थांबलं, तरी त्याने हात काढले नाहीत.